व्हिस्टा आणि डब्ल्यूएफकॅमचा कच्चा अवरक्त डेटा कसा हाताळावा

इंदुरात रामबागेतल्या माझ्या घरी दर रविवारी एमएस्सीच्या प्रोजेक्टवाली दोन-चार मुलं लॅपटॉप घेऊन येतात. व्हिस्टा दुर्बिणीची पहिली कच्ची फ्रेम डीएस९ या प्रतिमा बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की दहा सेकंदांत कुणीतरी म्हणतंच, "सर, फाइल खराब उतरलीय." पडद्यावर सोळा राखाडी चौकोन, त्यांत पट्टे आणि डाग, तारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फाइल ठणठणीत असते. दृश्य प्रकाशातल्या सीसीडी फ्रेमची सवय असल्यामुळे तारे आधी दिसतील आणि आकाश मागे असेल, अशी मुलांची अपेक्षा असते. निकट-अवरक्तात हे उलटं असतं. इथे फ्रेम म्हणजे जवळजवळ सगळं आकाशच, आणि तारे त्यावरचा वरखर्च.

मग चुकाही दरवर्षी त्याच होतात. पायऱ्यांचा क्रम बदलतो, स्काय (म्हणजे फ्रेममधला आकाशाचा स्वतःचा उजेड) घाईत वजा होतं, आणि एक पायरी तपासल्याशिवाय पुढची सुरू होते. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

## काम हातात घेण्याआधी एक हिशेब

चांगल्या वेधशाळेवरूनही के पट्ट्यात, म्हणजे २.२ मायक्रॉनच्या आसपास, रात्रीचं आकाश दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) साधारण १३ प्रतीचं असतं. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त. एच पट्ट्यात ते १४ च्या आसपास असतं, जे पट्ट्यात अजून थोडं काळं. समजा तुम्हाला के पट्ट्यात २० प्रतीची पृष्ठतेजस्विता असलेली दीर्घिका मोजायची आहे. फरक ७ प्रतींचा, म्हणजे आकाश तिच्या सुमारे ६३० पट तेजस्वी.

छावणीच्या मंडईतला तोलकाटा डोळ्यांसमोर आणा. दहा टनांचा ट्रक आहे आणि त्यात सोळा किलोची एकच गोणी. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा आणि फरकातून गोणीचं वजन सांगायचं. त्यात दोन तोलांच्या मध्ये डिझेल जळतं, ड्रायव्हर उतरतो, ताडपत्री पावसात भिजते. आकाशाचंही असंच आहे. जे आणि एच पट्ट्यांत सुमारे ८५ ते ९० किलोमीटर उंचीवरच्या हायड्रॉक्सिल रेणूंचा प्रकाश दर काही मिनिटांनी बदलतो. के पट्ट्यात हवा, आरसा आणि दुर्बिणीचा सांगाडा यांची स्वतःची उष्णता मिसळते. पुढची प्रत्येक पायरी या गोणीसाठी आहे.

## टप्पा १ : डेटा निवडणं आणि जमवाजमव

सार्वजनिक संग्रहातून रुंद क्षेत्राचा डेटा मुख्यतः दोन कॅमेऱ्यांचा मिळतो. चिलीतल्या पारानालवर ४.१ मीटरच्या व्हिस्टा दुर्बिणीवर व्हरकॅम होता. त्याचं काम २०२३ मध्ये थांबलं, संग्रह मात्र खुला आहे. हवाईतल्या मौना कीवर ३.८ मीटरच्या यूकेआयआरटी दुर्बिणीवर डब्ल्यूएफकॅम आहे. पहिल्यात १६ डिटेक्टर, दुसऱ्यात ४. प्रत्येक डिटेक्टर २०४८ × २०४८ पिक्सेलचा. व्हरकॅमचा पिक्सेल साधारण ०.३४ आर्कसेकंदाचा, डब्ल्यूएफकॅमचा ०.४ चा.

दोन्हींत डिटेक्टर एकमेकांना चिकटून नाहीत. डब्ल्यूएफकॅममध्ये दोन डिटेक्टरांमधलं अंतर एका डिटेक्टरच्या रुंदीच्या ९४ टक्के आहे. व्हरकॅममध्ये एका दिशेला ९० टक्के, दुसरीला ४२.५ टक्के. म्हणून एका नेमात आकाशावर सुटे सुटे ठसे पडतात. या नेमाला पॉप्रिंट म्हणतात, म्हणजे प्राण्याच्या पंजाचा ठसा. व्हरकॅमचे सहा पॉप्रिंट सरकवून घेतले की सलग १.५ चौरस अंशाची टाइल भरते. डब्ल्यूएफकॅमला चार पुरतात.

पहिल्यांदाच करत असाल तर डब्ल्यूएफकॅमचा जे पट्टा घ्या, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरचं क्षेत्र निवडा, आणि चारपैकी एकाच डिटेक्टरवर शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊन या. सोळा डिटेक्टरांवर एकदम स्क्रिप्ट चालवणाऱ्याला चूक कुठे झाली ते सापडत नाही. मी आता मुलांना याची सूटच देत नाही.

जागेचा हिशेबही आधी करा. व्हरकॅमच्या एका फ्रेममध्ये ६ कोटी ७१ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तर फ्रेम सुमारे २६८ एमबीची. सहा पॉप्रिंट आणि प्रत्येकी पाच जिटर (दुर्बीण थोडी थोडी सरकवून घेतलेल्या फ्रेम) म्हणजे ३० फ्रेम, ८ जीबी. प्रत्येक टप्प्याची प्रत वेगळी ठेवायची (ठेवायचीच) म्हटलं तर एका टाइलला ४० ते ५० जीबी सहज लागतात. कच्च्या फाइली 'फक्त वाचा' अशा करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

विज्ञानाच्या फ्रेमबरोबर हेही उतरवून घ्या: त्याच डीआयटी-एनडीआयटीचे डार्क (प्रकाश न येऊ देता घेतलेल्या फ्रेम), त्याच फिल्टरचे संधिप्रकाशातले फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम), खराब पिक्सेलांचा नकाशा आणि रेषीयतेचे गुणांक. डीआयटी म्हणजे एका वाचनाचा वेळ, एनडीआयटी म्हणजे अशी किती वाचनं एकत्र केली तो आकडा.

मग हेडर, म्हणजे फाइलीसोबतची माहिती, वाचून एक तक्ता करा. त्यात वेळ, फिल्टर, डीआयटी, एनडीआयटी, नेमाचे निर्देशांक, जिटरचं सरकणं आणि वायुभार (किती जाड हवेच्या थरातून पाहिलं तो आकडा) हे रकाने हवेत. शेवटी एक रिकामा रकाना ठेवा: मधली पातळी. तो पुढे भरायचा आहे.

तपासणी: प्रत्येक कच्च्या फ्रेमची मध्यिका (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढून वेळेसमोर आलेख मांडा. संथ चढउतार म्हणजे ठीक. एखादी फ्रेम एकदम उडी मारत असेल तर ढग, चंद्र किंवा संधिप्रकाश. फिल्टर बदलल्यानंतरची पहिली फ्रेम बऱ्याचदा वेगळी वागते, तिच्यावर खूण करून ठेवा.

## टप्पा २ : डार्क आणि रेषीयता, याच क्रमाने

डार्क वजा करणं सोपं वाटतं, आणि इथेच पहिली चूक होते. सीसीडीच्या सवयीने मुलं ३० सेकंदांचा डार्क तीनाने भागून १० सेकंदांच्या फ्रेममधून वजा करतात. अवरक्त डिटेक्टरमध्ये रीसेटनंतर उरणारा आकार वेळेच्या प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे असा डार्क कोपऱ्यांत आणि कडेच्या ओळींत उतार सोडतो. डीआयटी आणि एनडीआयटी दोन्ही जुळणारेच डार्क वापरा. निदान पाच-सात घेऊन त्यांची मध्यिका काढा.

त्यानंतर रेषीयता. पिक्सेल भरत जातो तसा त्याचा प्रतिसाद मंदावतो, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा येत नाही. ही दुरुस्ती एका डीआयटीच्या आकड्यावर करायची असते. फ्रेममध्ये एनडीआयटी वाचनांची बेरीज असेल तर आधी त्या संख्येने भागा, दुरुस्ती करा, मग हवं तर पुन्हा गुणा. बेरीज आहे की सरासरी हे ओळखायला एकाच रात्रीच्या, समान डीआयटीच्या पण वेगळ्या एनडीआयटीच्या दोन फ्रेमची आकाश-पातळी बघा.

सावधान: रेषीयता स्कायच्या आधी. पिक्सेल भरला आहे तो तारा आणि आकाश या दोन्हींनी मिळून. आकाश काढून टाकल्यावर उरलेल्या छोट्या आकड्यावर दुरुस्ती केली तर तिला काही अर्थच राहत नाही.

तपासणी: अगदी तेजस्वी ताऱ्याच्या गाभ्यात काळा ठिपका दिसला तर घाबरू नका. हे कॅमेरे दोन वाचनांतला फरक नोंदवतात. पहिल्या वाचनाआधीच पिक्सेल तुडुंब भरला असेल तर फरक शून्याजवळ येतो. असा तारा कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. त्याला मास्क करा, म्हणजे ते पिक्सेल मोजणीतून झाकून टाका.

## टप्पा ३ : फ्लॅट

संधिप्रकाशाचे फ्लॅट एकत्र करताना फार कमी आणि फार जास्त आकड्यांचे बाजूला काढा. उरलेल्यांची पातळी एकसारखी करून मध्यिका घ्या. घुमटातल्या पडद्यावरचे फ्लॅट वापरणार असाल तर दिवा लावलेली फ्रेम वजा दिवा बंद असलेली फ्रेम असंच वापरा. नाहीतर के पट्ट्यात पडद्याची आणि आसपासच्या वस्तूंची उष्णता फ्लॅटमध्ये जाऊन बसते.

इथली मोठी चूक सामान्यीकरणाची आहे. प्रत्येक डिटेक्टरचा फ्लॅट त्याच्या स्वतःच्या सरासरीने भागला की प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी राहते आणि टाइलवर बुद्धिबळाचा पट उमटतो. सगळ्या डिटेक्टरांची मिळून एक सरासरी काढा आणि तिनेच सगळ्यांना भागा.

व्हरकॅमच्या सोळाव्या डिटेक्टरचा अर्धा भाग वेळेनुसार वेगळा वागतो, आणि कमी तरंगलांबीला जास्त. कोणत्याही फ्लॅटने तो सुधारत नाही. मोजणीसाठी तो भाग मी सरळ सोडून देतो.

तपासणी: फ्लॅटने भागलेल्या फ्रेममध्ये सगळ्या डिटेक्टरांची आकाश-पातळी एकमेकांच्या जवळ आली पाहिजे. एखादाच वेगळा पडला तर डार्ककडे परत जा.

## टप्पा ४ : स्काय वजा करणं

इथे घाई नको. माझ्या अनुभवात प्रोजेक्टचा निम्मा वेळ याच टप्प्यात जायला हवा. ज्यांचा जात नाही त्यांचा पुढे दुप्पट जातो.

तत्त्व सोपं आहे. जिटरमध्ये दुर्बीण थोडी थोडी सरकते, त्यामुळे तारे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या पिक्सेलवर पडतात, आकाश मात्र सगळीकडे असतं. फ्रेम एकमेकींवर न जुळवता पिक्सेलनिहाय मध्यिका काढली की तारे गळून पडतात आणि आकाश उरतं. पण नुसती मध्यिका पुरत नाही. क्रमाने असं करा.

१. वेळेने जवळच्या फ्रेमचा गट करा. दहा-पंधरा मिनिटांपलीकडची फ्रेम गटात घेऊ नका. एच पट्ट्यात आणखी कडक राहा.

२. प्रत्येक फ्रेममधून तिची स्वतःची मध्यिका वजा करा. हे राहिलं तर पातळीने वरची फ्रेम कायम वर राहते आणि मध्यिका ताऱ्यांऐवजी फ्रेम निवडत बसते.

३. ज्या फ्रेममधून वजा करायचं तिला सोडून बाकीच्यांची मध्यिका काढा. ती धरली तर तारा स्वतःलाच थोडासा वजा होतो.

४. हे पहिलं स्काय वजा करा, फ्रेम जुळवून एक कच्चा स्टॅक (एकमेकींवर रचून केलेली एक प्रतिमा) बनवा, आणि त्यावर सोर्स एक्स्ट्रॅक्टर हा वस्तू शोधणारा प्रोग्रॅम चालवून सगळ्या वस्तूंचा मास्क तयार करा. मास्क चारही बाजूंनी काही पिक्सेल फुगवा, कारण ताऱ्याचे पंख दिसतात त्यापेक्षा लांब पसरलेले असतात.

५. तो मास्क प्रत्येक मूळ फ्रेमवर परत उतरवा, झाकलेले पिक्सेल सोडून मध्यिका नव्याने काढा, आणि हे दुसरं स्काय फ्लॅट झालेल्या मूळ फ्रेममधून वजा करा. पहिल्या फेरीत वजा झालेल्या फ्रेममधून पुन्हा वजा करायचं नाही.

चौथी-पाचवी पायरी गाळली की अंधुक तारे आणि मोठ्या ताऱ्यांचे पंख स्कायमध्ये राहतात, आणि प्रत्येक तेजस्वी ताऱ्याभोवती काळी खळगी पडते. चित्र सुंदर दिसतं, मोजलेली प्रत मात्र चुकते.

फ्रेम किती हव्यात? पाच फ्रेमच्या मध्यिकेतून बनवलेलं स्काय वजा केलं तर फ्रेममधला गोंगाट सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो, नऊ फ्रेम असतील तर ८ टक्क्यांनी. मी नऊच्या खाली शक्यतो जात नाही. टाइलचा डेटा असेल तर शेजारच्या पॉप्रिंटच्या फ्रेमही गटात घेता येतात. तिथे दुर्बीण आर्कसेकंदांच्या नव्हे, कित्येक आर्कमिनिटांच्या अंतराने सरकलेली असते, म्हणून त्या जास्तच उपयोगी.

सावधान: वस्तू जिटरपेक्षा मोठी असेल तर ही पद्धत तिलाच खाते. हे मी स्वतः केलेलं आहे. एनजीसी २५३ ही दीर्घिका आकाशात लांबीला जवळपास अर्धा अंश आहे आणि व्हरकॅमचा एक डिटेक्टर सुमारे ११.६ आर्कमिनिटांचा. मी अर्ध्या आर्कमिनिटाच्या जिटर फ्रेममधूनच स्काय काढलं. तबकडीचा मधला भाग सपाट झाला आणि कडेला एक काळी किनार उमटली. दोन दिवस मी तिला धुळीचा पट्टा समजून तिची रुंदी मोजत होतो. शेवटी त्याच जागेची टूमासची (हे सगळ्या आकाशाचं अवरक्त सर्वेक्षण) प्रतिमा शेजारी लावली तेव्हा कळलं की तिथे काहीच नाही. अशा वस्तूंसाठी आणि मृगातल्या एम४२सारख्या तेजोमेघांसाठी बाजूच्या मोकळ्या क्षेत्राच्या फ्रेम लागतात, त्याही वेळेने लागून घेतलेल्या. संग्रहात त्या नसतील तर दुसरा डेटा निवडा. गणिताने हे भरून निघत नाही.

तपासणी: तीन गोष्टी बघा. एक, स्काय गेलेल्या फ्रेमच्या चारही चतुर्थांशांची मध्यिका शून्याच्या आसपास आहे का. दोन, गोंगाट अपेक्षेइतका आहे का. आकाशाचे पिक्सेलमागे ४०,००० इलेक्ट्रॉन असतील तर विचलन २०० च्या थोडं वर यावं. ३०० आलं तर काहीतरी राहिलंय. तीन, फ्रेम आठ-आठ पिक्सेलांनी पुसट करून बघा. डोळ्याला न दिसणारे उतार आणि खळग्या तेव्हा लगेच दिसतात.

## टप्पा ५ : पट्टे, भुतं आणि पडसाद

आडवे पट्टे वाचनाच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येतात. व्हरकॅममध्ये चार-चार डिटेक्टर एका नियंत्रकावर आहेत आणि त्या चौघांत तोच पट्टा उमटतो. म्हणून चौघांच्या ओळींची एकत्र मध्यिका काढून ती वजा करायची, अर्थात मास्क लावून. मास्कशिवाय केलं तर मोठा तारा असलेली ओळ काळी पडते.

तेजस्वी ताऱ्याचं भूत पुढच्या फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर राहतं. फ्रेम जुळवल्यावर स्टॅकमध्ये जिटरच्या नक्षीसारखेच ठिपके दिसले तर ते तारे नव्हेत. डब्ल्यूएफकॅममध्ये आणखी एक प्रकार आहे. तेजस्वी ताऱ्यापासून १२८ पिक्सेलांच्या पटीत, म्हणजे दर ५१.२ आर्कसेकंदांवर, पडसाद उमटतात. कॅटलॉगमध्ये अनपेक्षित नवी वस्तू सापडली की आधी जवळच्या तेजस्वी ताऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. एका मुलीने मोठ्या आनंदाने दाखवलेल्या तीन 'लाल वस्तू' अशाच निघाल्या.

## टप्पा ६ : जागा जुळवणं आणि स्टॅक

एवढ्या रुंद क्षेत्रात कडेला प्रतिमा ताणली जाते, त्यामुळे साधं सरळ रेषेतलं जुळवणं चालत नाही. हेडरमध्ये झेडपीएन प्रक्षेपण (हा ताण धरून पिक्सेलवरून आकाशातली जागा सांगणारं सूत्र) दिलेलं असतं, ते पुसू नका. संदर्भासाठी गाया उपग्रहाची ताऱ्यांची यादी, डीआर३, घ्या, पण त्यातल्या जागा २०१६.० या काळाच्या आहेत. २००६ ची फ्रेम असेल तर स्वगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) लावून दहा वर्षं मागे न्या. काम स्कॅम्प या जागा जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने करा.

तपासणी: उरलेली चूक क्षेत्राच्या केंद्रापासूनच्या अंतरासमोर मांडा. ठिपके शून्याभोवती विखुरलेले हवेत. बाहेरच्या बाजूला वर किंवा खाली वळत असतील तर ताण नीट बसलेला नाही.

स्टॅकसाठी स्वार्प हा फ्रेम एकत्र करणारा प्रोग्रॅम वापरताना तो न सांगता पार्श्वभूमी वजा करतो हे लक्षात ठेवा. मूळ मांडणीत त्याच्या जाळीचा चौकोन १२८ पिक्सेलांचा असतो. व्हरकॅमवर हे जेमतेम ४४ आर्कसेकंद. दोन आर्कमिनिटांची दीर्घिका त्यात निमूटपणे विरते, आणि चौथ्या टप्प्यावर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. हा पर्याय बंद करा किंवा चौकोन वस्तूपेक्षा कितीतरी मोठा ठेवा. खराब पिक्सेलांना वजनाच्या नकाशात शून्य द्या.

स्टॅकमध्ये पिक्सेल एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून पिक्सेलांचं विचलन खऱ्या गोंगाटापेक्षा कमी दिसतं. खरा गोंगाट मोजायला रिकाम्या जागी काही शे वर्तुळं टाका आणि त्यांच्या बेरजांचं विचलन काढा.

## टप्पा ७ : प्रत ठरवणं

झीरो पॉइंट (मोजलेल्या आकड्यावरून प्रत काढायला मिळवायचा स्थिरांक) प्रत्येक पॉप्रिंटचा वेगळा काढा, टाइल बनवण्याच्या आधी. सहा पॉप्रिंटच्या वेळी हवेची स्थिरता सारखी नसते, म्हणून एका टाइलवर एकच दुरुस्ती बसत नाही.

तुलनेला टूमासचे तारे घ्या. त्याची केएस (के पट्ट्याचाच थोडा वेगळा फिल्टर) पट्ट्यातली भरवशाची मर्यादा १४.३ प्रतीची आहे, आणि मोठ्या दुर्बिणीवर ११-१२ प्रतीचे तारे भरून वाहतात. हातात राहतात साधारण १२.५ ते १४ च्या मधले. दाट क्षेत्रात तेवढे पुरतात. दोन्हींचे फिल्टर तंतोतंत सारखे नाहीत, म्हणून प्रतीतला फरक ताऱ्याच्या रंगासमोर मांडून उतार काढा.

शेवटची चूक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नुकसानीची. प्रतीचा शून्य कुठे धरायचा याच्या दोन पद्धती आहेत: टूमासच्या प्रती व्हेगा पद्धतीच्या, दृश्य प्रकाशातल्या बऱ्याच सर्वेक्षणांच्या एबी पद्धतीच्या. टूमाससाठी जेमध्ये साधारण ०.९१, एचमध्ये १.३९ आणि केएसमध्ये १.८५ मिळवले की व्हेगाची एबी होते. व्हिस्टा आणि डब्ल्यूएफकॅमचे आकडे थोडे वेगळे आहेत, ते त्या-त्या कॅमेऱ्याचेच घ्या. कॅटलॉगमध्ये रकान्याच्या नावातच 'व्हेगा' किंवा 'एबी' लिहा. सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही.

पहिल्या टप्प्यातला तक्ता आता पुन्हा उघडा. वगळलेल्या प्रत्येक फ्रेमसमोर कारण, प्रत्येक पॉप्रिंटसमोर झीरो पॉइंट आणि मास्क फुगवलेले पिक्सेल भरा, आणि तो तक्ता स्टॅकच्याच फोल्डरमध्ये ठेवा.